पाडवा ते पाडवा: आमच्या घरखर्चाच्या वहीचे एक वर्ष

फेब्रुवारी २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात माझ्या पतींच्या कंपनीने पुढील सूचना मिळेपर्यंत सर्वांचे पगार तीस टक्क्यांनी कमी केले. आम्ही डोंबिवलीत राहतो. घरात आम्ही दोघे, नववीत जाणारा मुलगा आणि मधुमेह व रक्तदाब असलेल्या माझ्या सासूबाई. मीही नोकरी करते, त्यामुळे चूल बंद पडण्याची भीती नव्हती. परंतु गृहकर्जाचा हप्ता, शाळेची फी आणि विमा भरल्यावर उरणाऱ्या पैशांत महिना पुरणार नाही, हे पहिल्याच रात्री कागदावर आकडे मांडताना दिसले. त्या रात्री मला झोप लागली नाही. गेले वर्षभर आम्ही काय केले, कोणत्या कामाला किती फेऱ्या आणि किती दिवस लागले आणि कुठे चुकलो, हे क्रमाने लिहून ठेवते आहे. अशा वेळी पहिले पाऊल कुठे टाकावे हेच कळत नाही, आणि तेव्हा मला असे काही वाचायला मिळाले असते तर फार आधार वाटला असता.

९ एप्रिल २०२४ रोजी गुढीपाडवा होता. गुढी उभारल्यावर मी दोनशे पानांची एक वही काढली आणि घरातल्या सर्वांना सांगितले की, पहिला महिनाभर कोणताही खर्च कमी करायचा नाही, फक्त लिहायचा. रोज रात्री जेवण झाल्यावर दहा मिनिटे आम्ही चौघे बसत असू आणि दिवसभरातला प्रत्येक रुपया वहीत चढत असे. पहिले काही दिवस माझ्या पतींना हे अपमानास्पद वाटले, कारण चहाच्या टपरीवर दिलेले वीस रुपये बायकोला सांगायचे म्हणजे जाब दिल्यासारखेच होते. म्हणून चौथ्या दिवसापासून मी माझे खर्च आधी वाचून दाखवू लागले, आणि त्यानंतर वातावरण बदलले. मोबाइलवरून दिलेले छोटे पैसे हमखास विसरले जातात; त्यासाठी दर रविवारी बँकेचे विवरण काढून वहीशी ताडून पाहावे लागते. महिना संपला तेव्हा हप्ता, फी आणि विमा वगळून घरखर्चाची बेरीज ४१,८६० रुपये झाली. माझा तोंडी अंदाज पस्तीस हजारांचा होता.

यानंतर माझी पहिली आणि सर्वांत मोठी चूक झाली. वहीत जेथे मोठे आकडे दिसले तेथे मी हात घातला, आणि मोठा आकडा होता दूध, फळे व सुकामेव्याचा. मे महिन्यात दोन लिटरचे दूध दीड लिटरवर आणले, फळे आठवड्यातून एकदा घेतली आणि बदाम बंद केले. महिन्याला साधारण ११५० रुपये वाचणार होते आणि मला समाधानही वाटले. परंतु बाराव्या की तेराव्या दिवशी सकाळी मी लवकर उठले, तेव्हा सासूबाई स्वतःच्या पेल्यातले दूध नातवाच्या पेल्यात ओतत होत्या. मला पाहून त्या म्हणाल्या, "अगं, मला हल्ली दूध पचत नाही." त्यांना दूध व्यवस्थित पचते. त्या दिवशी ऑफिसात माझे कामात लक्ष लागले नाही. संध्याकाळी येताना मी दोन लिटर दूध आणि डझनभर केळी घेऊन आले आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहिले की, ताटाला हात लावायचा नाही. पुढचे दहा महिने आम्ही हे वाक्य पाळले, आणि खर्च कमी करण्याच्या बाकीच्या सगळ्या जागा मला त्यानंतरच दिसू लागल्या.

सर्वांत आधी विजेचे बिल हाती घेतले. मेचा वापर ३४२ युनिट होता. महावितरणच्या बिलावर मागील महिन्यांचा वापर छापलेला असतो आणि दर टप्प्यांनी वाढत जातात, हे मी इतकी वर्षे बिल भरूनही नीट वाचले नव्हते. २०२४-२५ च्या दरांप्रमाणे वहन आकार (वीज घरापर्यंत वाहून आणण्याचे पैसे) धरून पहिल्या १०० युनिटांना प्रतियुनिट ५.८८ रुपये, १०१ ते ३०० युनिटांना ११.४६ रुपये आणि ३०१ ते ५०० युनिटांना १५.७२ रुपये पडत होते, आणि त्यावर १६ टक्के वीज शुल्क होते. म्हणजे तीनशेच्या वरच्या ४२ युनिटांसाठीच आम्ही शुल्कासह साडेसातशेहून अधिक रुपये मोजले होते. वाचवलेले प्रत्येक युनिट सर्वांत महागड्या टप्प्यातून कमी होते, ही गोष्ट लक्षात आल्यावर या कामाला मला हुरूप आला.

आमच्या घरातले तिन्ही पंखे जुने, सुमारे ७५ वॅटचे होते. नवे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज घेणाऱ्या मोटरचे पंखे २८ ते ३० वॅटवर चालतात. रोज बारा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला साधारण १७ युनिट वाचतात, आणि मधल्या टप्प्याचा दर व शुल्क धरले तर सव्वादोनशे रुपये. आम्हाला एक पंखा २९०० रुपयांना पडला, म्हणजे तो सतत वापरात असेल तर साधारण तेरा महिन्यांत त्याची किंमत निघते. तिन्ही एकदम घेण्याइतके पैसे नव्हते. म्हणून जूनमध्ये सर्वाधिक चालणारा बाहेरच्या खोलीचा पंखा बदलला आणि ऑगस्टमध्ये झोपायच्या खोलीचा. तिसरा, सासूबाईंच्या खोलीतला, अजून जुनाच आहे, कारण त्यांना त्याचा आवाज सवयीचा आहे. वातानुकूलन यंत्र एकच आहे. ते २० ऐवजी २६ अंशांवर ठेवून सोबत पंखा लावायला सुरुवात केली. तापमान एक अंशाने वाढवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो. कागदी बिल बंद करून ई-मेलवर घेतले की तेव्हा दर बिलामागे दहा रुपये सूट मिळत असे, तीही घेतली. त्या अर्जाला पाच मिनिटे लागली. ऑक्टोबर २०२३ मध्ये आमचा वापर २९६ युनिट होता, तो ऑक्टोबर २०२४ मध्ये २१८ झाला.

जुलैमध्ये औषधांचा विषय निघाला, आणि या वर्षातला सर्वांत नाजूक प्रसंग तोच होता. सासूबाईंच्या मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन आणि अॅटोरव्हास्टॅटिन या तीन गोळ्यांना महिन्याला १६४० रुपये लागत होते. प्रधानमंत्री भारतीय जनऔषधी केंद्रांत हीच औषधे मूळ (जेनेरिक) नावाने फार कमी किमतीत मिळतात, हे मला ऐकून माहीत होते. मी रात्री हा विषय काढला तेव्हा त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "आता माझ्या औषधांवर पाळी आली का गं?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच मला ते अधिक लागले. मी तो विषय तिथेच थांबवला आणि म्हटले, "आई, डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणि तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी एकही गोळी बदलणार नाही."

पुढच्या तपासणीला आम्ही तिघे गेलो. डॉक्टरांनी त्यांच्यासमोर दोन्ही पाकिटे ठेवून घटक आणि मात्रा सारखी असल्याचे दाखवले, चिठ्ठीवर मूळ नावे स्वच्छ अक्षरांत लिहून दिली आणि महिन्याभराने उपाशीपोटीची साखर व रक्तदाब तपासून घेण्यास सांगितले. जनऔषधी सुगम या मोबाइल अॅपवर जवळची केंद्रे आणि औषधांच्या किमती दिसतात. आमच्या बाजूच्या केंद्रात पहिल्या दिवशी दोनच गोळ्या मिळाल्या. तिसरीसाठी मी स्टेशनच्या पलीकडच्या केंद्रात गेले. माझा अनुभव असा की, संपण्याच्या आदल्या दिवशी जाऊ नये, किमान आठवडाभर आधी जावे. मेटफॉर्मिन साधी आहे की हळूहळू विरघळणारी, हे चिठ्ठीशी जुळवून घ्यावे, कारण नाव सारखे दिसले तरी त्या दोन वेगळ्या गोळ्या आहेत. महिन्याचा खर्च ४३० रुपयांवर आला. महिन्याभराने साखर १२८ वरून १२४ झाली होती, म्हणजे जिथल्या तिथेच होती, आणि तीन महिन्यांनंतरच्या चाचणीतही फरक नव्हता. तो अहवाल सासूबाईंनी स्वतः शेजारच्या आजींना दाखवला, आणि आता त्या दोघी मिळून केंद्रात जातात.

याच महिन्यात धान्याचा फटका बसला. माहेरी वर्षाचे धान्य भरण्याची पद्धत होती, म्हणून मेमध्ये मी पन्नास किलो गहू, तीस किलो कोलम आणि दहा किलो तूरडाळ घेतली होती. गव्हाला ऊन दिले आणि कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून तो पत्र्याच्या कोठीत भरला. डाळीला एरंडेल तेल चोळले. तांदूळ मात्र जागेअभावी प्लास्टिकच्या पिंपात ठेवला. जुलैच्या मध्यावर त्यात सोंडे झाले आणि निवडून, पाखडून, वाळवूनही बारा किलो तांदूळ हातचा गेला. माहेरची कोरडी हवा आणि डोंबिवलीचा पावसाळा यांत फरक आहे, हे मी ध्यानातच घेतले नव्हते. शिवाय गव्हाचा दर आणि दळणाचे किलोमागे आठ रुपये धरले, तर तयार पिठापेक्षा फार बचत होत नाही. पोळी चांगली होते, एवढेच मी प्रामाणिकपणे सांगू शकते. आता मी गहू सहा महिन्यांचा आणि तांदूळ-डाळ दोन महिन्यांची घेते.

जुलैच्या सुरुवातीला खासगी कंपन्यांनी मोबाइलचे दर वाढवले. त्या निमित्ताने चारही क्रमांकांचा वापर तपासला. सासूबाईंना इंटरनेट लागतच नव्हते आणि मुलाचा मोबाइल बहुतेक वेळ घरच्या वायफायवर चालत होता. दोन योजना बदलून महिन्याला ३१० रुपये कमी झाले. त्याच बैठकीत बँकेच्या अॅपमधील आपोआप वळत्या होणाऱ्या रकमांची यादी उघडली. कार्डावरून अशी रक्कम वळती होण्यापूर्वी किमान चोवीस तास आधी सूचना आली पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि अशा सूचना मला येतही होत्या. मी त्या न वाचता पुसत होते. दोन वर्षांपूर्वी घेऊन विसरलेले व्यायामाचे अॅप, दोन चित्रपट-मालिकांच्या सेवा आणि इंटरनेटवरची एक जादा साठवणूक योजना मिळून महिन्याला ८४७ रुपये जात होते. मुलाला विचारून एक सेवा कायमची बंद करण्याऐवजी परीक्षेनंतर एक महिना घ्यायची असे ठरवले. त्याला विचारले, याचेच त्याला अधिक अप्रूप वाटले.

ऑगस्टमध्ये शेजारच्या इमारतीतल्या एका ताईंनी मला मुंबई ग्राहक पंचायतीच्या त्यांच्या संघात घेतले. ही संस्था १९७५ पासून काम करते. परिसरातली काही कुटुंबे मिळून संघ करतात, महिन्याची मागणी एकत्र नोंदवतात, माल एका घरी येतो आणि सभासद पाळीपाळीने वाटप करतात. दर काही वस्तूंचे कमी पडतात, काहींचे दुकानाएवढेच. माझ्या दृष्टीने खरी बचत वेगळीच झाली: महिन्यातून एकदाच यादी भरायची असल्यामुळे ती घरातला साठा पाहून भरावी लागते, आणि मोठ्या दुकानात ढकलगाडी घेऊन फिरताना जे दहा जिन्नस उगाच पडतात ते पडत नाहीत. किराणा महिन्याला सातशे रुपयांनी कमी झाला. वाटपाच्या दिवशी दोन तास जातात, ते आधीच मोकळे ठेवावे लागतात.

बँकेचे काम मात्र सर्वांत लांबले. पतींचे जुन्या नोकरीतले पगार खाते पडून होते. पगार येणे बंद झाल्यावर त्याचे साध्या बचत खात्यात रूपांतर झाले होते, आणि किमान शिल्लक नाही म्हणून दंड व कार्डाचे वार्षिक शुल्क वळते होत होते. १२ ऑगस्टला पहिली फेरी झाली. खाते बंद करण्याचा अर्ज, पॅन व आधारच्या स्वाक्षरी केलेल्या प्रती, उरलेले सर्व धनादेश, कार्ड आणि दुसऱ्या खात्याचा रद्द केलेला धनादेश लागेल, असे कळले. २६ ऑगस्टला हे सर्व घेऊन गेलो, तर खाते संयुक्त असल्यामुळे माझीही सही समक्ष हवी होती, आणि त्या दिवशी मी ऑफिसात होते. तिसऱ्या फेरीपूर्वी एक गोष्ट सुदैवाने लक्षात आली. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे वर्षाचे वीस रुपये आणि जीवन ज्योती विम्याचे ४३६ रुपये याच खात्यातून दर मेअखेरीस जात होते. खाते बंद झाले असते तर ते संरक्षणही संपले असते. आधी दोन्ही विमे दुसऱ्या बँकेतल्या खात्यावर घेतले, त्याची पावती हाती आल्यावर १८ सप्टेंबरला मी अर्धा दिवस रजा टाकून सही केली आणि २७ सप्टेंबरला उरलेली रक्कम जमा झाली. खाते बंद झाल्याचे पत्र मागून घ्यावे. ते आपणहून मिळत नाही. ज्यांना किमान शिल्लक राखणे जमत नाही, त्यांच्यासाठी प्रत्येक बँकेत मूलभूत बचत ठेव खाते असते आणि त्याला किमान शिल्लक लागत नाही. मात्र त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही.

गॅसबद्दल थोडे सांगते. डाळ-तांदूळ अर्धा तास भिजवणे, उकळी आल्यावर आच मंद करणे, झाकण ठेवणे आणि बर्नरची छिद्रे महिन्यातून एकदा साफ करणे एवढ्यावर आमचा सिलिंडर ३४ दिवसांऐवजी ४५ दिवस जाऊ लागला. घेताना तो तोलून घ्यावा. रिकाम्या सिलिंडरचे वजन त्याच्या वरच्या पट्टीवर कोरलेले असते आणि त्यात १४.२ किलो मिळवले की भरलेल्याचे वजन येते. नोव्हेंबरमध्ये आलेला सिलिंडर सव्वा किलोने कमी भरला. पोहोचवणाऱ्याकडे वजनकाटा असतो. मी शांतपणे तोलायला सांगितले आणि त्याने गाडीतून दुसरा काढून दिला. इतकी वर्षे तोलून घ्यायला मला संकोच वाटत होता.

१४ सप्टेंबरपासून केंद्र सरकारने खाद्यतेलावरील आयात शुल्क वाढवले आणि सणाच्या तोंडावर तेल महागले. कांदा आणि लसूण तर त्या दिवाळीत विचारूच नये असे झाले होते. आम्ही मजल्यावरच्या तीन घरांनी मिळून फराळ केला. चकलीचा सोऱ्या एकीचा, मोठी कढई माझी, आणि तेल एकत्र घेऊन वाटून घेतले. एकाच कढईत सगळ्यांचे तळण झाल्याने उरलेले तेल कमी राहिले. पैसे किती वाचले हे वहीत नीट नोंदवता आले नाही, परंतु सासूबाईंनी तिन्ही घरांच्या अनारशांचे पीठ स्वतः मळले आणि आठवडाभर त्या फार आनंदात होत्या.

बाहेरून मागवलेल्या जेवणाचा खर्च पहिल्या महिन्यात २६०० रुपये होता. तो ९०० वर यायला डिसेंबर उजाडला. थकून घरी आल्यावर मागवले जाते, हे वहीतल्या तारखांवरून दिसले. बहुतेक मंगळवार आणि शुक्रवार होते, माझे उशिराचे दिवस. त्या दोन दिवसांसाठी सकाळीच भिजवलेले कडधान्य आणि चिरलेली भाजी ठेवू लागलो, आणि खिचडी किंवा मिसळ पतींकडे आली. ते स्टेशनपर्यंत स्कूटरऐवजी चालत जाऊ लागल्याने पेट्रोल आणि वाहनतळाचे नऊशे रुपये महिन्याला वाचले. माझा लोकलचा पास मी पूर्वी दर महिन्याला काढत असे. तिमाही पासाला मासिक पासाच्या २.७ पट आणि वार्षिक पासाला १०.८ पट पैसे लागतात. एकदम वर्षाचे पैसे काढणे शक्य नव्हते, म्हणून तिमाही काढला.

जानेवारीत संक्रांतीचे हळदीकुंकू आले, आणि मला मनातून फार कमीपणा वाटत होता. दरवर्षी मी पन्नास-साठ जणींना स्टीलची वस्तू वाण देत असे. या वर्षी द्यायचे की नाही, यावर मी दोन रात्री विचार केला. शेवटी पंचवीस जणींनाच बोलावले आणि घरी शिवलेल्या कापडी पिशव्या दिल्या. जुन्या सुती साड्यांच्या, अस्तर लावलेल्या. शिवायला तीन रविवार गेले. एका मैत्रिणीने निघताना दारात थांबून हळूच विचारले, "तुमच्याकडे सगळं ठीक आहे ना?" मी तिला पगारकपातीचे खरे ते सांगितले. तिच्याही घरी दिवाळीपासून तीच परिस्थिती होती. आम्ही तासभर जिन्यात बोलत उभ्या राहिलो, आणि पुढच्या रविवारी ती वही घेऊन माझ्याकडे आली.

३० मार्च २०२५ च्या पाडव्याला आम्ही वर्षाचा हिशेब बंद केला. शेवटच्या महिन्याचा घरखर्च ३४,६०० रुपये होता. तो पहिल्या महिन्याहून ७,२६० रुपयांनी कमी आहे; मात्र एप्रिलचा उन्हाळा आणि फाल्गुन यांची तुलना अगदी बरोबरीची नाही, विजेतला काही फरक ऋतूचाही आहे. या रकमेपैकी निम्म्याहून अधिक वीज, औषधे, मोबाइल, आपोआप वळत्या होणाऱ्या रकमा आणि बँकेचे शुल्क यांतून आली, म्हणजे एकदा बसून कागद वाचण्याच्या आणि रांगेत उभे राहण्याच्या कामातून. दुधाचा खर्च पहिल्या महिन्याएवढाच आहे आणि बदाम परत आले आहेत.

पतींचा पगार अद्याप पूर्ववत झालेला नाही. आरोग्य विमा दुसऱ्या कंपनीकडे नेता येईल का, हे पाहायचे राहिले आहे. त्यासाठी नूतनीकरणाच्या किमान पंचेचाळीस दिवस आधी अर्ज करावा लागतो आणि आमची तारीख ऑगस्टमध्ये येते, म्हणून जूनच्या पानावर आत्ताच खूण करून ठेवली आहे. नव्या वहीतली पहिली नोंद मुलाच्या अक्षरात आहे: चक्का, एक किलो. श्रीखंड सासूबाईंनी घरी केले.